वहिनीचे मोजे आणि ठिणगी

वडगावातल्या आमच्या घरी मागाच्या खोलीत चप्पल घालून जायचं नाही. माग म्हणजे देव. मोज्यांबद्दल मात्र कुणी कधी काही ठरवलेलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात टाचा फुटल्या म्हणून वहिनी नायलॉनचे मोजे घालू लागली. ती दारापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मशीनवर कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायची. खुर्चीवरून उठून मशीनच्या लोखंडाला हात लावला, की चट्! ठिणगी. वायरमननं येऊन टेस्टर लावला. "करंट न्हाय," म्हणाला. शेजारच्या काकूंनी लगेच निकाल दिला, "मशीनमदी न्हाय, तर हिच्यातच कायतरी असंल."

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वहिनीला त्या खोलीत यायचं बंद केलं. कांड्या भरणं हे तिचं स्वतःचं काम होतं, माहेराहून शिकून आणलेलं. ती स्वयंपाकघरात भांडी आपटू लागली.

मी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाचत आणि वाटत वाढलेली. बाईवर असला ठपका ठेवलेला मला खपत नाही. ही साधी स्थिर वीज आहे, घासण्यातून येते, हे मला पाठ होतं. स्वयंपाकघरात मी कंगवा केसांवर घासून कागदाच्या कपट्यांवर धरला. कपटे टुणकन उडून त्याला चिकटले. वहिनी कितीतरी दिवसांनी हसली.

मग मी सगळ्यांना मागापाशी गोळा केलं. कंगवा घासला. एकही कपटा हलेना. पुन्हा घासला.

"टक्कल पडंल गं!" माझा भाऊ ओरडला.

काकू म्हणाल्या, "बघा, हितं न्हाय चालत हिचं शास्त्र."

माझा चेहरा उतरला. थंडीत सूत तुटू नये म्हणून आम्ही मागाखाली पाणी शिंपडतो, ओली पोती टाकतो. त्या दमट हवेत कंगव्यावर वीज टिकत नाही, हे मला दोन दिवसांनी सुचलं. पण मग त्याच खोलीत वहिनीला ठिणगी कशी? मोटार असल्यामुळं कांडीच्या मशीनकडं पाणी मारत नाहीत, म्हणून? की खुर्चीमुळं? मी वहीत आकृत्या काढल्या आणि खोडल्या.

वहिनीनंच विचारलं, "वन्सं, तुमी सगळी अनवाणी. मोजे माझ्याच पायात. त्येनं व्हत असंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी दोष जावा म्हणून मशीनपुढं नारळ फोडला आणि वहिनीला म्हणाले, "बस बघू आता." वहिनी मोजे काढूनच आली होती. दहा कांड्या भरून उठली, लोखंडाला हात लावला. काही नाही. सगळ्यांनी नारळाकडं बघून हात जोडले.

मी तोंड उघडलं, तशी वहिनीनं माझा दंड धरला. "गप बसा वन्सं. माझं काम मला मिळालंय."

खोटं चालू दिलं का मी? मोजे घालून पुन्हा दाखव म्हणावं, तर ठिणगी पडल्यावर नारळाचं काही बिघडणार नव्हतं, वहिनीच पुन्हा बाहेर गेली असती.

थंडी वाढली, तिच्या टाचांतून रक्त यायला लागलं. शहापुरातून मी सुती मोजे आणले. तिनं ते हातात घेऊन विचारलं, "ह्येनं नक्की ठिणगी न्हाय ना पडणार?"

बहुतेक नाही, एवढंच मला म्हणता आलं. तिनं मोजे घडी करून ट्रंकेत ठेवले आणि अनवाणीच कांड्या भरायला गेली.