आमच्या डॉक्टरांचं मानपत्र

"ओव्हेरियन कॅन्सर," मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. मी मराठीची शिक्षिका होते हे त्यांनी कागदावर वाचलं असावं, कारण लगेच मराठीतही सांगितलं. "बीजांडकोशाचा कर्करोग. तिसरी स्टेज, म्हणजे गाठ जागेवर राहिलेली नाही, पोटात पसरली आहे." मग विचारलं, "त्रास कधीपासून होता?" मी म्हणाले, आठ महिने. त्यांचं पेन थांबलं. "आणि आठ महिन्यांत कोणी सोनोग्राफी सांगितली नाही?"

त्या प्रश्नाने माझं डोकं तापलं ते अजून उतरलेलं नाही. हे लिहिते आहे ते त्याच तापात. वाचणाऱ्या बायकांना उपयोग व्हावा हा हेतू आहे, पण तो दुसरा.

विश्रांतवाडीतले आमचे फॅमिली डॉक्टर वीस वर्षांचे ओळखीचे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. जिथे लिहायचं तिथे लिहून झालं आहे. त्यांच्याकडे मी चार वेळा गेले. पहिल्यांदा, पोट फुगतं म्हणून. त्यांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांदा, दोन घासांत पोट भरतं म्हणून. "चांगलंय की, वजन उतरेल," म्हणाले. तिसऱ्यांदा, सारखं लघवीला जावं लागतं म्हणून. भरपूर पाणी प्या, हा सल्ला मिळाला. चौथ्यांदा कंबर धरून गेले, तेव्हा हसले. "शेखबाई, रिटायर झाल्यावर बायकांना आजार शोधायचा छंद लागतो."

माझे हात काटकुळे होत होते आणि सलवारची नाडी मात्र दर आठवड्याला सैल करावी लागत होती. ते अ‍ॅसायटिस होतं, म्हणजे पोटात साठलेलं पाणी. शेवटी बसताना दम लागायला लागला, तेव्हा माझे यजमान मार्केट यार्डातला मसाल्याचा गाळा बंद ठेवून मला थेट मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले.

पुढचं थोडक्यात सांगते. आधी तीन केमो. मग डीबल्किंग, म्हणजे पोट उघडून दिसेल तेवढा कॅन्सर काढून टाकणं. मग पुन्हा तीन केमो. केस गेले, जिभेची चव गेली, पायाच्या बोटांना मुंग्या आल्या त्या राहिल्याच. केमोच्या हॉलमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत वाघोलीहून येणारी एक बाई बसायची. तिलाही वर्षभर गॅसच होता. पाचव्या केमोला तिची खुर्ची रिकामी होती. मी नर्सला विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

मी घरी आले आणि कळलं की आमच्या डॉक्टरांना समाजसेवेचं भरतं आलं आहे. बीजांडकोशाच्या कर्करोगावर संशोधन व्हावं म्हणून त्यांनी निधी सुरू केला होता. रविवारी सकाळी पदयात्रा, बचत गटांच्या बायकांचे खाऊचे स्टॉल, दुकानांतून डबे. काम खरंच चांगलं होतं, ते मी नाकारत नाही. पण प्रत्येक भाषणात ते सांगत, "माझ्याच एका पेशंटचं निदान वेळेत झालं, म्हणून ती आज आपल्यात आहे." ती पेशंट मी. माझ्या आजाराचे आठ महिने खाऊन हा माणूस हार घालून घेत फिरत होता.

मग आमच्या नागरिक मंडळाने त्यांना सेवा पुरस्कार जाहीर केला. मंडळाच्या पुरस्कारांची मानपत्रं पंधरा वर्षं मीच लिहिते, बोरूने, आणि वाचतेही मीच. आधी कोणी तपासत नाही. शेखबाईंचं मराठी तपासायचं कोणी, अशी पद्धतच पडून गेली आहे. त्यामुळे सेक्रेटरींनी नेहमीसारखा जाड कागद घरी पाठवून दिला. मंडळाची ही एक चूक, आणि मी तिचा पुरेपूर फायदा घेतला.

यजमानांनी मजकूर वाचला. घरी आम्ही दखनी बोलतो, पण ते रागावले की मराठीत येतात. "हे वाचलंस तर निधी बुडेल. लोक पैसे देणार नाहीत, आणि नाव तुझं होईल."

"होऊ दे," मी म्हणाले. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. निधी बुडला तर वाघोलीच्या बाईसारख्या बायकांचंच नुकसान होतं, हे मला कळत होतं. तरी एक अक्षर खोडलं नाही.

आमच्याकडे आधी शाल-श्रीफळ आणि मग मानपत्र. त्यामुळे ते ऐकताना सत्कारमूर्तीच्या खांद्यावर शाल, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात गुच्छ असतो. हलता येत नाही. मी वाचायला सुरुवात केली. "आपण फुगणाऱ्या पोटास गॅस म्हणालात. आपण न जाणाऱ्या घासास वजन उतरण्याचे सुचिन्ह मानलेत. आपण चार वेळा आलेल्या स्त्रीस छंदिष्ट ठरवलेत. तिचे निदान आपण वेळेत केले नाही. ते दुसऱ्यांनी केले, उशिरा. ही सत्यस्थिती आपणास सादर अर्पण."

सेक्रेटरी माइकच्या दिशेने निघाले. तेवढ्यात मागून एक बाई उठून म्हणाली, "ती लक्षणं परत वाचा ना, लिहून घेते." मी परत वाचली, सावकाश, राहिलेली जोडून. पोट फुगणं, लवकर भरणं, सारखी लघवी, कंबर आणि ओटीपोटाचं दुखणं, आणि हे रोजच्या रोज, दोन-तीन आठवडे. बायकांनो, असं असेल तर सोनोग्राफी हवी का, हे डॉक्टरांना तोंडाने विचारा. हसले तर डॉक्टर बदला.

डॉक्टर नारळ धरून उभेच होते. मान खाली. मला वाटलं होतं की खूप बरं वाटेल. वाटलं, पण मनाजोगतं नाही.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "शेखबाई, मानपत्रात एक चूक आहे. आपण चार वेळा नाही, पाच वेळा आला होतात. आपल्या साहेबांच्या खोकल्यासाठी आला होतात तेव्हा जाता जाता म्हणालात, पोट फुगतंय. मी ते साहेबांच्या केसपेपरवर लिहून ठेवलंय. माझ्याच अक्षरात. ते सगळ्यांच्या आधीचं आहे."

मी विसरले होते. त्यांनी सांगितलं नसतं तर कोणाला कधीच कळलं नसतं. मी म्हणाले, "मानपत्र पाठवून द्या. दुरुस्त करून देते."

त्यांनी कंपाउंडरबरोबर पाठवलं. मी चार खोडून पाच केलं, खाडाखोड दिसेल अशी. परत नेताना कंपाउंडरने त्यांचा निरोप सांगितला, की पेशंट बसतात तिथे, बाकड्यासमोरच्या भिंतीवर डॉक्टर हे मानपत्र लावणार आहेत.

माफ केलं का, असं लोक विचारतात. नाही केलं. दर तीन महिन्यांनी मला सीए-१२५ ही रक्ततपासणी करायला जावं लागतं, कॅन्सर परत डोकं वर काढतोय का ते त्यातून कळतं. त्या दिवशी वाट वाकडी करून मी त्यांच्या दवाखान्यात डोकावते आणि भिंत बघून येते. अजून तरी काढलेलं नाही.