उलट्या खांद्यावरचा पदर

सोमवारी सकाळी कोरेगाव स्टेशनवर गाडी आली. महिला डब्यावर बाईचं चित्र नव्हतं. मी डब्यात बसले आणि कराडला उतरले.

ते चित्र माझ्या यजमानांनी काढलं होतं. ते रेल्वेच्या शेडमध्ये पेंटर होते. मी कराडच्या ग्रंथालयात नोकरीला. आमची पॅसेंजर आधी विटकरी होती, मग निळी झाली, विजेची गाडी आली तेव्हा राखाडी आणि जांभळी. दर वेळी महिला डब्यावर डोक्यावर पदर घेतलेली बाई ते नव्याने उमटवत. छाप त्यांनी सासूबाईंच्या मनगटाच्या एक्स-रेची फिल्म कापून केला होता.

विजेच्या गाडीच्या एका डब्यावर घाईत फिल्म उलटी लागली आणि पदर उजव्या खांद्यावर गेला. आमच्या डब्यात माणदेशातली घोंगड्या विकणारी एक म्हातारी असायची. तिच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं.

"आवं बाई, हिला नवऱ्यानं नेसवलीया जणू," ती मलाच म्हणाली. डबाभर हसू झालं. कोणाच्या नवऱ्यानं, ते मी सांगितलं नाही.

घरी आल्यावर यांना सांगितलं. तेही हसले. मी म्हटलं, दुरुस्त करा.

"ऱ्हाऊ दे. तुला आपला डबा वळखाय बरा."

गेल्या वर्षी ते गेले. तेव्हापासून तो डबा लागला की मी बाहेरून एकदा बघायची आणि मग चढायची. एवढंच करत होते.

आता त्या डब्यावर जाहिरातीचा कागद चिकटवलाय, त्यावर प्लॉट विकणारा एक माणूस आहे. कोट घातलेला, खिडक्यांच्या वरपर्यंत. त्याचं तोंड नेमकं दारावर आलंय; दार सरकवलं की हसू मधोमध फाटतं. 'महिलांसाठी' ही अक्षरं त्याच्या बुटापाशी आहेत, बोटभर. खिडक्यांवरही तोच कागद, बारीक भोकांचा. आतून ऊस दिसतो तो ठिपक्याठिपक्यांचा. उन्हात डिंकाचा वास सुटतो आणि त्याच्या गालावर फोड येतात. कोणीतरी तिथे पिचकारी मारली आहे, ती तशीच वाळली. एका कोपऱ्याची साल सुटून लोंबते, गाडी धावताना फडफडते. डब्यात डबा उघडून खाणं मला जमत नाही. गाडीला रंग देतात तो ती कोणाची आहे हे कळावं म्हणून, असं मी धरून चालले होते. आता ती कोणाचीही आहे, जो भाडं भरेल त्याची.

मला एकच आशा होती, की खाली ती बाई असेल. रविवारी मुद्दाम सांगलीपर्यंत गेले; कागद तिथे लावतात असं कळलं होतं. बाजूच्या रुळावर दोघं दुसऱ्या डब्याला कागद चिकटवत होते. मी विचारलं, हा काढला तर खालचं निघेल का?

"न्हाई काकू. आधी सगळं घासाय लागतं, न्हाईतर धरत न्हाई."

"पदरवाली बाई होती एका डब्यावर."

"व्हय, ती. रंग लय जाड हुता. अर्धा दिस गेला तिच्यावर."

त्याने ते तक्रारीच्या सुरात सांगितलं. मी परतीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले.

ती म्हातारी परवा भेटली. दारावरच्या माणसाकडे तिने एकदा बघितलं, चढली आणि खाली बसली.

छाप माझ्याकडे कपाटात आहे. फिल्मवर मनगटाची हाडं दिसतात आणि कापलेल्या कडेला रंग लागलेला आहे.