सुंदरबाईचे पत्रे आणि भागाबाईचं धाबं

भागाबाई आमच्या समोर राहायची. गाव अमळनेरहून दोन कोसांवर. तिचा नवरा हिलाल शेती करायचा, आणि त्याचा मोठा भाऊ पुना अमळनेरच्या गिरणीत कामाला होता. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा घराच्या मधोमध एक भिंत उभी राहिली. अलीकडे भागाबाई, पलीकडे तिची मोठी जाऊ सुंदरबाई. दोन्हीकडे डोक्यावर मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत.

एकोणीसशे सत्तरच्या उन्हाळ्यात पुनाने आपलं धाबं उतरवलं आणि पत्रे टाकले. नवे, डोळे दिपवणारे. बाया बघायला यायच्या, सुंदरबाई त्यांना गूळपाणी द्यायची. भागाबाई मात्र त्या दिवसांत पाण्यालाही मागच्या वाटेने जाऊ लागली. जावेचं हसणं भिंतीतून ऐकू आलं की तिच्या हातातली भाकर थापताना फाटायची. हे तिनेच पुढे माझ्या आईला सांगितलं.

दर वैशाखात धाब्यावर, ते गळू नये म्हणून, खाऱ्या मातीचा नवा थर टाकून बडवावा लागतो. हिलालने गाडी जुंपली, तर ही आडवी उभी राहिली.

"माटी नको. पत्रा आना."

"पत्रास्नं पुढला साले दखसूत," हिलाल म्हणाला. "औंदा माटी टाकी लेऊत."

"मंग काहीच नको."

हिलाल भांडणारा माणूस नव्हता. त्याने बैल सोडले. त्या वर्षी धाबं तसंच राहिलं.

श्रावणात चार दिवसांची झड लागली. दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीत, ज्वारीच्या कणगीशेजारी ठिबकायला लागलं. भागाबाईने पातेलं ठेवलं, मग घमेलं, मग परात. तिसऱ्या दिवशी कणगीचं बूड ओलं झालं. तेव्हा ती ओट्यावर येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलली, "तिना पत्रास्नं बठ्ठं पानी मना धाबावर पडस."

सगळं पाणी जावेच्याच पत्र्यांचं, असं तिने मनाशी धरलं. उघाड पडल्याबरोबर तिने लुगडं खोचलं, शिडी लावली आणि जावेची चोरी पकडायला वर चढली.

वर पाहिलं तर पत्र्यांचा उतार पलीकडच्या बोळाकडे होता. थेंबही तिच्याकडे येत नव्हता. तिच्याच धाब्यावर मात्र घोट्याएवढं पाणी साचलं होतं, कारण पाणी बाहेर टाकणारी पन्हळ निंबाच्या पाल्याने बुजली होती. गवत माजलेलं, मुंग्यांनी भोकं पाडलेली. तिने आधी पन्हळ मोकळी केली. पाणी उतरल्यावर भोक शोधू लागली. खाली ठिबकत होतं त्याच्या बरोबर वर काहीच नव्हतं. भोक चार हात लांब निघालं. पाणी छताच्या लाकडी कडीवरून सरकत सरकत कणगीपाशी येत होतं.

आणि तिथेच तिला दिसलं, की मधल्या भिंतीलगत, तिच्याच बाजूला, हातभर रुंदीचा पट्टा नव्या खाऱ्या मातीचा होता. नीट बडवलेला, एकही भोक नसलेला. हिलालने तर टोपलंभरही माती वर नेली नव्हती.

ती खाली उतरली आणि पहिल्यांदा जावेच्या नव्या घरात गेली. सुंदरबाई तांदूळ निवडत होती.

"अक्का, भिंतजोडे माटी कोनी टाकी?"

"मीच टाकी दिधी. आमनी भिंतना कामनी उरेल व्हती."

"माले सांगं का नही?"

सुंदरबाईने सूप खाली ठेवलं. "सांगं असतं तर तू टाकू देती का?"

सुंदरबाईने मागच्या पडवीतली झाकून ठेवलेली दोन टोपली कोरडी माती तिच्यापुढे सरकवली. ती घ्यावीच लागली. घरात ओली ज्वारी होती.

भागाबाईने कणगी रिकामी केली, ज्वारी चुलीपाशी पसरली. मग वर जाऊन गवत मुळासकट उपटलं, भोकं खणून त्यांत कोरडी माती दाबली, वर चाळलेली माती पसरून पायांनी तुडवली. संध्याकाळी पुन्हा सर आली. ठिबकणं थांबलं होतं.

"तिनी भलं करं," ती माझ्या आईला म्हणाली, "पन त्या दिनपाईन ती माले जास्तीच खुपस."

भागाबाईला पुढे धाब्याचं इतकं कळू लागलं, की गळती लागली की लोक तिला बोलवायचे. ती एकच सांगायची, भांडी मांडत बसू नका, दाणे हलवा आणि पाऊस थांबला की वर जाऊन बघा. जावेशी तिचं बोलणं सुरू झालं, सणाला पुरणपोळ्यांची देवघेव झाली. पण दर वर्षी वैशाख लागायच्या आधीच ती हिलालच्या मागे लागून माती वर टाकून घ्यायची. सुंदरबाईने टोपलं पुढे करायची वेळ तिने पुन्हा येऊ दिली नाही.