नदीत सुटणारं पाणी

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातलं पाणी जिथे नदीत सोडतात, तिथून रोज सकाळी बाटलीभर नमुना तपासणीसाठी न्यायचा, हे माझं काम. थोडं खाली, दगडावर, शांताबाई लोकांच्या गोधड्या धुतात.

परवा केंद्रातले पंप पुन्हा बंद पडले होते आणि शहराचं मैलापाणी तसंच नदीत चाललं होतं. मी म्हटलं, "मावशी, आज पाण्यात हात घालू नका."

त्यांनी काळ्या पाण्याकडे पाहिलं. "आमच्या वस्तीत गटाराची लाइन नाही, ताई. तरी घरपट्टीत त्याचा कर लावलाय, तो भरतो आम्ही. आणि सगळ्या गावाची घाण येणार आमच्याच दारात. हे कसं हो?"

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. पलीकडच्या उंच इमारतींत तेव्हा अंघोळी चालल्या असतील, माझ्या घरीही. मोरीच्या जाळीतून पाणी गेलं की आपल्यापुरतं ते संपतं. ते कुणाच्या तरी पायांपाशी पोचतं, हे इतकी वर्षं नमुने घेऊनही घरी गेल्यावर मी विसरतेच.

"अर्ज करा ना. मी लिहून देते."

"तीन दिलेत की," म्हणत त्यांनी कोरडं गाठोडं पुन्हा डोक्यावर घेतलं. "उद्या होतील ना पंप सुरू?"

"होतील," मी म्हटलं.

गेल्या वेळीही मी हेच म्हटलं होतं. ते आम्हा दोघींनाही आठवत होतं.