चौथा दगड

भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्याला मी आजवर तोंडावर वेड्यात काढत आलोय. फौजेत वीस वर्षं काढली, बर्फात एकट्यानं पहारे दिले — कधी काही दिसलं नाही. तरी हे लिहितोय, कारण गावात माझं ऐकून घेणारं आता कोणी राहिलं नाही.

रहिमतपूरजवळ आमची वाडी. मी आणि दत्ता एकाच पलटणीतले, रिटायर झाल्यावर दोघंही कोरेगावात एका गोदामावर वॉचमन. रोज सकाळी सायकलीनं जायचो. दत्ता नियमाचा लय पक्का. डावी कड सोडायची नाही, एकामागं एक चालायचं, पुढं दिवा, मागं लाल रिफ्लेक्टर, चालणारं माणूस दिसलं की लांबूनच घंटी. दगड-खड्डा चुकवायचा तर आधी मागं बघून उजवा हात आडवा. मी चेष्टा करायचो, "आरं, रस्त्यावर कुत्रं न्हाई, हात कुणाला दावतोयस?"

तो म्हणायचा, "तू हाईस की मागं."

मागच्या गळीत हंगामात एका संध्याकाळी कॅनॉलच्या वळणावर माझी उसाची ट्रॉली पंक्चर झाली. आपल्याकडची रीत ठाऊकच आहे... मागून येणाऱ्याला कळावं म्हणून रस्त्यावर दगड मांडायचे. मी चार मांडले. फौजी माणूस, दारातल्या वाटेच्या दगडांना गेरू-चुना लावायची खोड. त्यातलेच चार ट्रॉलीत टाकलेले असायचे. चाक बसलं, ट्रॅक्टर हाणला आणि दगड तिथंच राहिले. ही पण आपल्याकडची रीतच.

दुसऱ्या दिवशी अंग दुखत होतं, मी कामावर गेलो नाही. दत्ता एकटा गेला. धुक्यात ते दगड चुकवायला रस्त्याच्या मधे आला आणि मागून पिकअपनं उडवला. जागीच गेला.

बातमी कळल्यावर धावत गेलो. लोक त्याला गाडीत घालत होते. आणि मी काय केलं? तीन दगड गुपचूप कॅनॉलात ढकलले. चौथा सापडला नाही. लिहितानाही लाज वाटते.

पिकअपवाला म्हणाला, हा सायकलवाला मधूनच चालला होता. गावानंही तेच धरलं. दत्ताची बायको, सुशीलावहिनी, मला विचारायच्या, "आवं भावजी, जलमभर कडंनं चाललेला माणूस मधी कशाला गेला आसंल?" मी मान खाली घालायचो.

महिन्याभरानं अशाच धुक्यात एकटा कामाला निघालो. वळणाआधी पुढं लाल रिफ्लेक्टर दिसला. कोणीतरी डाव्या कडेनं चाललं होतं. त्यानं मागं वळून बघितलं... तोंड दिसलं नाही... आणि उजवा हात आडवा केला. सवयीनं मी ब्रेक दाबला.

पुढं कोणी नव्हतं. चाकापासून हातभर अंतरावर तीन दगड होते. गेरू-चुन्याचेच. पाणी निथळत होतं, खाली शेवाळ चिकटलेलं. बाकी रस्ता कोरडा होता.

कडेला बसून रडलो. मग तिन्ही दगड पोत्यात घालून कॅरिअरला बांधले आणि माघारी वळून थेट वहिनींच्या दारात गेलो. "वहिनी, दत्त्याची चूक नव्हती. दगड माझं हुतं."

त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. आत गेल्या आणि दत्ताच्या कॉटखालून चौथा दगड आणून माझ्यापुढं ठेवला.

"त्याच दिशी घावला, त्यांच्या सायकलीखाली. तुमच्या दारातला हाय ह्ये बघताच वळाकलं. तुमी कवा सांगताय, वाट बघत हुते."

पोलिसांत जबाब दिला. दत्ताचं नाव स्वच्छ झालं. वहिनी त्यानंतर माझ्याशी एक शब्दही बोललेल्या नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

पण कॅनॉल तेव्हा तुडुंब वाहत होता. दगड वर कसे आले, हात कोणी केला... मला आजही सांगता येत नाही. अजून त्याच रस्त्यानं जातो. काही चुकवायचं झालं की आधी वळून बघतो आणि उजवा हात आडवा करतो. मागं कोणी दिसत नाही. तरी करतो.