राणीच्या पदकाला कल्हई

मटरू कहाराच्या खांद्यावर आंब्याच्या कोयीएवढा घट्टा होता. डोलीच्या दांड्याने तो उठवला होता आणि वर्षानुवर्षं घासून गुळगुळीतही केला होता. पिपरहा गावातल्या निम्म्या सुना याच खांद्यावरून गावात आल्या होत्या. त्यांतली कोण वाटभर रडली आणि माहेरची वेस ओलांडताच सत्तूचं गाठोडं सोडून कोण खायला बसली, हे सगळं मटरूला ठाऊक होतं. पण डोलीत घडलेलं डोलीतच ठेवायचं, असा कहारांचा नेम. मटरूने तो इतका पाळला होता की त्याच्या पोटात अख्ख्या गावाची अब्रू होती आणि चेहरा मात्र धुतलेल्या पाटीसारखा कोरा.

सरकारची चीनवर स्वारी निघाली तेव्हा जखमी उचलायला कहार हवे होते. मटरू गेला. काम तेच होतं. नवरीच्या जागी शिपाई, एवढाच फरक. नवरी हलकी असते आणि तिच्या मिशा टोचत नाहीत, अशी त्याची युद्धाबद्दलची एकूण तक्रार होती. गोळ्यांबद्दल तो म्हणे, "यायच्या, जायच्या. आपल्याला कुठे वाकायला सवड होती? दांडा खांद्यावर असला की माणूस वाकत नाही."

परत आल्यावर सरकारने पदकं दिली. लढणाऱ्यांना चांदीचं, आणि डोलीवाले, पखालवाले, धोबी, आचारी यांना काशाचं. विलायतेच्या राणीचं तोंड दोन्हींवर तेच, लाल फीत तीच, तिचे पिवळे काठही तेच. पिपरह्यात अशी दोन पदकं आली. चांदीचं हवालदार गजाधरसिंग ठाकुरांचं आणि काशाचं मटरूचं. ठाकूर पेकिंगजवळ जखमी होऊन पडले होते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगे. त्यांना डोलीतून नेलं होतं मटरूनेच. जखमेबद्दल मात्र मटरू काही बोलत नसे. ठाकुरांनी कुण्या चिन्याच्या बागेतली कच्ची पीचफळं टोपलीभर खाल्ली होती आणि ती डोली वाटेत दर शेताच्या बांधावर खाली ठेवावी लागली होती. पण नेम म्हणजे नेम.

मटरूचं पदक घरातल्या खुंटीवर टांगलेलं असे. चार-पाच वर्षांत ते चुलीच्या धुराने काळं झालं आणि मटरू ते विसरूनही गेला. मग एक दिवस चौकीदाराने दवंडी पिटली. तहसिलीला दरबार भरणार होता. कलेक्टरसाहेब येणार होते. पदकवाल्यांनी पदक लावून यायचं. त्यांना मंडपात पहिल्या रांगेत खुर्च्या मिळणार होत्या.

"खुर्ची?" मटरूने विचारलं.

"खुर्ची," चौकीदार म्हणाला. "पाठीची."

"काशाच्या पदकालासुद्धा?"

"पदक म्हटलंय. कशाचं ते नाही म्हटलं."

मटरू त्या दिवशी जेवलाच नाही. उभ्या आयुष्यात त्याने बसलेली माणसं उचलली होती. स्वतः कुणाच्या देखत जमिनीपासून वीतभर उंच बसला नव्हता. ठाकुरांच्या अंगणात तो उकिडवा बसे, चीनमध्ये डोलीच्या सावलीत बसे. एकदा, फक्त एकदा, चार लोकांसमोर पाठ टेकून बसायचं, एवढंच त्याच्या मनाने घेतलं. अंगणात कुणी नाही असं पाहून तो बाजेच्या काठावर पाठ ताठ ठेवून बसायचा सराव करू लागला.

त्याची बायको बतसिया ठाकुरांकडे भांडी घासायची. तिने पदक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "अहो मुनियाचे बापू, हे लावून जाणार? आमच्या ठकुराणींच्या गुरांची आंबोणाची कढई याहून बरी दिसते."

"घास मग."

तिने राख लावली, चिंच लावली. पदक तांबूस झालं, पण तिचं समाधान होईना. त्याच दिवशी बुनियाद अली कल्हईवाला ठाकुरांच्या दारी भाता लावून बसला होता, आणि त्याच्यासमोर भांड्यांचा डोंगर होता. बतसियाने फीत सोडली आणि दोन परातींच्या मधोमध राणीला सारून दिलं. बुनियाद अलीला एवढ्या भांड्यांत काय कळणार? हाताला आलं ते तापवलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं, कापसाने पुसलं, पाण्यात सोडलं. चर्रर आवाज झाला आणि महाराणी चांदीची होऊन बाहेर आली.

कहारांची वस्ती, सगळा कहारटोला ते पाहायला लोटला. मटरूची चुलती म्हणाली, "आत्ता कुठे वाटतं, पोरगा लढून आला." मटरूला त्यात तोंड दिसत होतं. ते पाहून तो इतका खूश झाला, की आपलं पदक काशाचं आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

ध्यानात आणून दिलं ते गजाधरसिंगांनी. ते स्वतः टोल्यात आले, हीच गोष्ट नवलाची होती. बतसिया डोक्यावर पदर ओढून झोपडीत गेली आणि कुडाला कान लावून उभी राहिली.

"मटऱ्या, दाखव."

मटरूने दाखवलं. ठाकुरांनी मिशीला पीळ दिला, सोडला, परत दिला. "हे चांदीचं दिसतं."

"कल्हई आहे, मालक. बायकोने भांड्यांबरोबर..."

"लढणाऱ्याचं पदक कहाराने लावायचं म्हणजे सरकारशी दगलबाजी. साहेबाने विचारलं तर खुर्ची राहिली, कोठडीत जाशील. तिथे तर चटईसुद्धा मिळत नाही."

ठाकूर गेले. मटरू तिथेच उकिडवा बसला.

आतून बतसिया म्हणाली, "त्यांना काय होतंय? त्यांचं काय झिजलं?"

"तू गप्प बस. तुझी चिंच पुरेना म्हणून ही पाळी आली."

"मी कुणासाठी केलं? खुर्चीवर मी बसणार होते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मटरूने पदक कमरेला खोचलं आणि कल्हईवाल्याला गाठायला निघाला. बुनियाद अली एव्हाना नदीपलीकडच्या गावात गेला होता. तिथे चिंचेखाली त्याचा भाता चालू होता. त्याच्यासमोर एक उंचापुरा माणूस तोंडाला गमछा गुंडाळून बसला होता. गमछ्याच्या दोन्ही बाजूंनी पीळदार मिशा बाहेर आल्या होत्या.

"मालक?" मटरू म्हणाला.

गमछा आणखी वर सरकला. बुनियाद अलीने चिमट्यात धरलेली तांब्याची गोल चकती पाण्यात सोडली, बाहेर काढली आणि म्हणाला, "ठाकूरसाहेब, चमक आली. पण राणीचं तोंड काही माझ्या कथलातून निघायचं नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ठाकुरांच्या लेकीचं लग्न झालं तेव्हा हसुलीला थोडी चांदी कमी पडत होती. ठकुराणीने नवऱ्याला न विचारता पदक सोनाराकडे धाडलं. महाराणी वितळून हसुलीत गेली आणि लेकीच्या गळ्यातून सासरी. तेव्हापासून ठाकूर गावात सांगत होते, की पदक पेटीत जपून ठेवलंय.

"मटरू," ठाकूर म्हणाले. मटऱ्याचा मटरू पहिल्यांदाच झाला होता. "तुझं ते दे. एका दिवसापुरतं."

"आणि मी?"

"तू काय, कहार आहेस. तुला कोण विचारतंय? मी गेलो नाही तर चार गावांत बोभाटा होईल."

मटरूने पदक काढलं. ते उन्हात झगझगलं. ठाकुरांनी हात पुढे केला. बुनियाद अली भाता सोडून पाहू लागला.

"मालक, तुम्हाला मी चीनमध्ये खांद्यावरून नेलं," मटरू सावकाश म्हणाला. "आजही उचला म्हणालात तर उचलीन. पण हे नाही देणार. मला बसायचंय."

"कुठे?"

"खुर्चीवर."

ठाकुरांना हे काही कळलं नाही. मटरूने पदक कल्हईवाल्यापुढे ठेवलं. "मियाँ, ही कल्हई काढा."

बुनियाद अलीने कपाळाला हात लावला. "बापजाद्यांपासून हा धंदा करतोय. कल्हई काढायला आलेलं गिऱ्हाईक आजच पाहिलं."

त्याने पदक तापवलं, कापसाने पुसलं, वाळूने घासलं. कासं वर आलं. राणीच्या केसांत मात्र कथील अडकून बसलं ते निघेना.

"राहू द्या," मटरू म्हणाला. "वय झालंय तिचं."

दरबाराच्या दिवशी ठाकूर अंथरुणावर होते. पोटात कळ येते म्हणाले. मटरू धुतलेलं धोतर नेसून, पदक लावून एकटा तहसिलीला गेला. पहिल्या रांगेत मिशीवाले सुभेदार आणि जमादार बसले होते. एकाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चपराशी पुढे आला, पदक पाहिलं आणि मागे झाला. मटरू बसला. आधी काठावर. मग जरासा मागे. मग पाठ टेकली. खांद्यांचं काय करायचं हे त्याला कळेना. ते आपले उगाच कुणीतरी दांडा देईल म्हणून वर उचललेले राहिले.

कलेक्टरसाहेब रांगेपुढून येत होते. मटरूपाशी थांबले, वाकले, पदकाकडे पाहून हसले. राणीचे केस पांढरे कसे झाले ते त्यांनी विचारलं नाही. "पिपरह्याची दोन पदकं आहेत ना? दुसरे कुठे आहेत?" त्यांनी हिंदुस्तानीत विचारलं.

मटरू उठू लागला. साहेबांनी हातानेच बस म्हटलं, आणि तो बसूनच बोलला. "हवालदारसाहेबांचं पोट बिघडलंय, हुजूर."

"अरेरे. कधीपासून?"

"चीनपासून, हुजूर."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. सगळ्या आयुष्यात डोलीतली गोष्ट बाहेर पडली ती ही एवढीच. साहेबांना मात्र फार वाईट वाटलं. सरकारच्या सेवेत लागलेलं दुखणं आणि अजून बरं नाही. त्यांनी शेजारच्या डॉक्टरला काहीतरी सांगितलं.

संध्याकाळच्या आत तहसिलीचा चपराशी एरंडेलाची मोठी बाटली घेऊन ठाकुरांच्या दारात उभा राहिला. हवालदारांनी आपल्या देखत औषध घ्यावं आणि तसं येऊन कळवावं, असा हुकूम होता. अंगणात सगळा गाव जमला. जखम राहिली बाजूला आणि पोटाची चौकशी सुरू झाली.

"काय सांगितलंस रे तिथे?" ठाकुरांनी दात आवळून विचारलं.

"पोट दुखतंय म्हटलं, मालक. तुम्हीच म्हणाला होतात."

ठाकुरांनी बाटलीकडे पाहिलं, चपराशाकडे पाहिलं आणि पेला तोंडाला लावला. त्या वेळी मटरूने भिंतीकडे तोंड केलं. वाटेत बांधावर डोली थांबली की कहार असेच पाठ करून उभे राहतात.