एकाच फाइलमधले दोन फॉर्म

वसमतच्या ज्या छोट्या दवाखान्यात मी सिस्टर आहे, तिथे लकव्याचे पेशंट महिना-महिना राहतात. दर गुरुवारी नांदेडहून संगीतोपचाराच्या एक बाई येतात. त्यांच्याकडे वेळ दोनच तास, म्हणून पेशंट निवडायला त्यांचा वेगळा फॉर्म. कोणती गाणी आवडतात, ताल धरतो का, सूर ऐकून श्वास बदलतो का. आमचा नर्सिंगचा चार पानी: झोप, जेवण, दुखणं, घरी कोण, मनाला आधार कशाचा. दोन्ही भरायची मीच. आमचाच फॉर्म भारी, असं मी बाईंना तोंडावर सांगायची.

जवळा बाजारकडच्या एक आजी आल्या. उजवा हात गेलेला, वाचाही गेलेली. समजायचं सगळं, पण शब्द फुटत नव्हता. सून सारखी विचारायची, "सिस्टर, बोलतील ना वो आत्याबाई?"

आजींना गाणी आवडतात का, असं मी तिलाच विचारलं.

"न्हाई. आमच्या घरी गाण्याबिण्याचा नाद न्हाई कुणाला."

मी 'नाही' लिहून मोकळी झाले. बाईंनी तो फॉर्म वाचून आजींना यादीत घेतलंच नाही.

पंधरा दिवसांनी, संध्याकाळी, सून खाटेशी बसून बुद्धवंदना म्हणत होती. मध्येच तिला खोकला आला आणि पुढची ओळ आजींनी म्हटली. चालीसकट, स्पष्ट. मी शेजारच्या खाटेचं सलाइन लावत होते, ते पुरं केलं.

लगबगीने फाइल काढली. आमच्या फॉर्मवर, मनाला आधार या रकान्यात, माझंच अक्षर: 'सकाळ-संध्याकाळ वंदना म्हणायच्या.' त्यालाच टाचलेल्या गाण्याच्या फॉर्मवर 'नाही'. वंदनेला गाणं म्हणावं हे सुनेच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी स्वतः लहानपणापासून घरात तीच वंदना म्हणत आलेय. फार लाज वाटली.

बोलणं गेलं तरी चालीतले शब्द कधी कधी शाबूत राहतात, असं सांगून पुढच्या गुरुवारी बाईंनी आजींना घेतलं. वंदनेच्या चालीवर त्यांनी रोजच्या गरजेचे दोन-दोन शब्द बसवले, आणि आठवडाभर सून नि मी तेच घोटत राहिलो. एका दुपारी आजी सुनेकडे बघून त्याच चालीत म्हणाल्या, "पाणी दे."

सुनेने रडत रडत पाणी पाजलं. मग ग्लास खाली ठेवून मला विचारलं, "म्हंजी पंधरा दिस आदीच मागितलं असतं का वो त्यांनी?"

मी व्हय म्हणाले.